नरकाच्या भेवानं तलावापर्यंत

मला नरकाची भीती वाटायला लागली ती एका गुरुवारी दुपारी, चहा पिता पिता. त्याआधी मला भीती नव्हती असं नाही. तलाठ्याची होती, बसच्या कंडक्टरची होती, अनोळखी बाईनं नाव विचारलं तर त्याचीसुद्धा होती. पण त्या सगळ्या भीती मेल्यावर संपणाऱ्या होत्या. मेल्यावर सुरू होणारी भीती माझ्याजवळ नव्हती. ती उणीव त्या दुपारी भरून निघाली.

आमचं गाव लाखनीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. जंगल कोणाकडं गेलं, धरण कोणाकडं राहिलं, यावर गावातली माणसं तावातावानं बोलायची. नरक कोणाच्या वाट्याला गेला हे कोणी बोललं नाही. प्रार्थना घेणारे ख्रिस्ती पास्टर गोंदियाच्या बाजूचे. दर गुरुवारी मोटारसायकलवर यायचे आणि येताना नरक घेऊन यायचे. त्यावरून तो तिकडेच गेला असावा, असा माझा अंदाज.

माझ्या शेजारणीच्या घरामागं टिनाचं शेड होतं. तिथं त्यांची प्रार्थना भरायची. शेजारीण आणि मी धानाच्या रोवण्याला एकाच टोळीत जायचो. ती म्हणाली, "चाल व, बसजो घडीभर. गाणे म्हणतेत, चहा देतेत." मला कोणाला नाही म्हणता येत नाही. तिथं बसलेले बाकीचे लोक सांगायचे की त्यांना देवानं बोलावलं. मला शेजारणीनं बोलावलं.

पास्टरांनी भिंतीवर एक कापडी चित्र टांगलं होतं. एक रुंद वाट, एक अरुंद वाट. अरुंद वाट वर जात होती आणि वरची सगळी माणसं गोरी, सोनेरी केसांची, पायापर्यंत पांढरे झगे घातलेली. रुंद वाट खाली जाळात उतरत होती. जाळातली माणसं काळीसावळी होती, काही उघडी, आणि एका बाईच्या अंगावर तर हिरवं लुगडं होतं. चित्र काढणारा आमच्या मोहल्ल्यात येऊन गेला होता की काय कोण जाणे. वर ओळखीचं एकही तोंड दिसेना. खाली मात्र सगळे घरचेच वाटत होते.

पास्टर छडीनं एकेक जागा दाखवायचे. इथं दारूडे. इथं मूर्ती पुजणारे. इथं खोटं बोलणारे, सगळ्यात खाली. आणि मग आवाज बारीक करून म्हणायचे, "जे चांगले आहेत पण ज्यांनी विश्वास धरला नाही, तेसुद्धा इथंच." छडी जाळावरच ठेवायचे.

त्यांना माझ्याबद्दल काही राग नव्हता, हे मी खरं लिहिते. माणूस मायेचा होता. कोणाचं लेकरू आजारी असलं तर स्वतःच्या गाडीवर बसवून लाखनीच्या दवाखान्यात न्यायचे. पण शेडात उभे राहिले की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात, टिनाच्या खाली, दुपारी दोन वाजता ते आम्हाला उष्णता म्हणजे काय ते समजावून सांगायचे. आम्ही पदरानं घाम पुसत ऐकायचो.

मी वर्षभर गेले. घरी चुलीत काडी सारताना चटका बसला की वाटायचं, हे तर एका बोटाला, एवढुशा वेळाला. तिथं सबंध अंगाला, आणि सुट्टी नाही. चुलीपुढं बसून मी पटापट प्रार्थना म्हणून घ्यायची, जशी शाळेत गुरुजी यायच्या आधी पाढे म्हणून घ्यायची.

शाळेची गोष्ट मला इथं उगीच आठवली नाही. आमचे गुरुजी मारायचे. त्या माराच्या भीतीनं मला वीसपर्यंत पाढे पाठ झाले आणि आजही झोपेतून उठवलं तरी म्हणेन. तेव्हा भीती कामाची नाही असं मला म्हणता येत नाही. पण चौथीनंतर पाचवीची शाळा दुसऱ्या गावी होती, तिथले गुरुजी जास्त मारतात असं ऐकलं, आणि मी गेलेच नाही. तीच भीती. तिनंच पाढे दिले आणि तिनंच शाळा घेतली. दोन्ही कामं तिनं मन लावून केली.

माझी सासू मात्र कोणालाच भ्यायची नाही. मी तिला बाई म्हणायची. छप्पन साली ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. बापासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली. मला घरात आणलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकण्यापासून रोवण्यापर्यंत सगळं मला तिनं शिकवलं. माझं पहिलं बाळंतपण तिनं केलं. माझा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे मी खरं तर सासूसोबतच संसार केला.

तिला मी एकदा भीत भीत त्या चित्राचं सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमी तेव्हा सगळे देव सोडले, भूतं सोडले, नरक बी सोडला. घर झाडून साफ केलं व आमी. अन् तू मागच्या दारानं पुन्हा आणून राहिलीस?"

"बाई, पण खरंच असन तं?"

"असन तं असू दे. मले भेव दाखवून कोणी काही मागतलं, तं मी पयले पायतो तो काय मागते."

"पास्टर काही नाही मागत, बाई. चहा तेच देतेत."

"मंग चहा पेऊन घरी येत जाय."

पण मी चहा पिऊन घरी येण्याच्या पलीकडे गेले होते. दिवाळीनंतर सात जणांचा बाप्तिस्मा ठरला. यादीत माझं नाव शेजारणीनं घातलं आणि मला ते काढा म्हणता आलं नाही. म्हणायचंही नव्हतं. एकदा पाण्यातून निघालं की जाळातून सुटका, असा माझा साधा हिशेब होता. पाण्यानं विस्तव विझतो, हे मला चौथीच्याही आधी माहीत होतं.

अडचण एकच होती. पाण्यात जायच्या आधी प्रत्येकानं चारचौघांत उभं राहून साक्ष द्यायची होती. आपण विश्वास कशासाठी धरला ते सांगायचं. नरक लांब होता, साक्ष पुढच्या रविवारी होती.

शेजारीण म्हणाली, "कायले भेतं व? सांगजो, गुडघे दुखत होते, प्रार्थनेनं बरे झाले."

"माहे गुडघे नाही दुखत."

"मंग डोस्कं सांग."

"डोस्कं बी नाही."

"बाप्पा! काहीच दुखत नाही तं आली कायले?"

आता मी खोटं बोलून मोकळी झाले असते. पण खोटं बोलणाऱ्यांची जागा मी चित्रात पाहिली होती, अगदी तळाशी. नरकातून सुटण्यासाठी खोटं बोलावं आणि त्या खोट्यासाठी नरकात जावं, हे माझ्या बुद्धीला झेपेना. म्हणून खरं सांगायचं ठरवलं.

रविवारी सगळे तलावावर जमलो. तिथं पाहतो तर तलावात पाणीच नाही. म्हणजे होतं, पण गुडघ्याएवढं. भारी धान, म्हणजे उशिरा येणारं, निसवत होतं, त्याला शेवटचं पाणी पाहिजे होतं, म्हणून गावानं तीन दिवस आधी तुडूम, म्हणजे तलावाचं दार, उघडून पाणी धानाच्या बांध्यांत सोडलं होतं. पास्टरांनी तारीख ठरवताना पंचांग पाहिलं नाही हे बरोबर आहे, ख्रिस्ती माणूस पंचांग कशाला पाहील? पण निदान धान पाहायचं. आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल की त्या दिवसांत तलावाचं पाणी धानाचं असतं.

पास्टर पॅंट वर करून पाण्यात उतरले. माणसाला पाण्यात पूर्ण बुडवायचं असा त्यांचा नेम. पहिला जो होता तो अंगानं भारी. त्यानं साक्ष दिली की त्याची दारू सुटली. दारू सुटली असेल, वास अजून सुटला नव्हता. त्याला पास्टरांनी पाठीवर निजवलं, तर पोट आणि नाक वरच. दाबलं तर तो चिखलात रुतला. मग दोघांनी धरून काढलं. शेजारणीनं डोकेदुखीची साक्ष दिली आणि बसूनच बुडी घेतली. लोक टाळ्या वाजवत होते.

माझा नंबर आला. पास्टर म्हणाले, "बोला ताई. विश्वास का धरला?"

मी पायाच्या अंगठ्याकडं पाहून म्हटलं, "मले नरकाचं भेव वाटते जी, म्हणून."

कोणीतरी हसलं. पास्टरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "ताई, भीती हे काही कारण झालं नाही. भीतीचा विश्वास खरा नसतो. प्रभूवर प्रेम पाहिजे. आहे ना प्रेम?"

मी विचार केला. खरंच विचार केला, कारण सगळे थांबले होते. मग म्हटलं, "ओळख नाही झाली जी अजून. तुम्ही नरकाचंच सांगतलं. त्याचं सांगाले टाइम नाही भेटला."

मी टोमणा मारला नव्हता. मला टोमणे मारता येत नाहीत, लिहिताना थोडे येतात. पण पास्टरांना तो लागला. ते म्हणाले, "मग तुम्ही थांबा. पुढच्या वर्षी पाहू."

मी कोरडी मागं वळले. तर तलावाच्या पाळीवर माझी सासू उभी. हातात माझं सुकं लुगडं. मी ओली होईन, वारा थंड आहे, म्हणून घेऊन आली होती. जे तिला पटत नव्हतं, त्यासाठीच आली होती.

"ओली नाही झालीस?"

"नाही बाई. परत धाडलं."

"काहून?"

"मी भेवानं आली म्हणून."

तिनं लुगडं माझ्या हातात दिलं आणि तरातरा खाली उतरली. मला वाटलं, जमीन फाटावी. ती पाण्याच्या काठाशी जाऊन म्हणाली, "काहो पास्टर! वर्षभर भेवाचे पऱ्हे तुमीच टाकले ना? अन् आता रोवाच्या टायमाले म्हणता, हे धान आमचं नोहे?"

"आजी, तसं नाही. प्रेम पाहिजे."

"प्रेम असं उभं करून इचारतेत काय चार लोकांत? माह्या लग्नाले चाळीस वर्षं झाले, मले कोणी नाही इचारलं. घ्या तिले पाण्यात. पोरगी वर्षभर झोपली नाही धड."

पास्टर चिखलात उभे, पॅंट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यांना वाईट वाटलं असावं. हात पुढं करून म्हणाले, "या ताई. या, देव सगळं जाणतो."

सुटका दोन पावलांवर होती. आणि मी पाहिलं, ती दोन पावलं मिळवून देण्यासाठी भांडत होती ती बाई स्वतः जाळातली. चित्राप्रमाणे तिची जागा ठरलेली होती. मी वर्षभर माझ्याच कातडीची काळजी केली होती. ती कुठं जाईल हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. भीतीनं मला तेवढी सवडच दिली नाही.

मी विचारलं, "अन् बाई कुठं जाईन जी?"

पास्टरांनी पाण्याकडं पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. हळूच म्हणाले, "देवाचं वचन जे सांगते ते सांगते, ताई."

सासू म्हणाली, "मी कुठं जाईन? घरी जाईन. म्हशी सोडाच्या आहेत."

मी तिच्यासोबत गेले.

त्यानंतर मी प्रार्थनेला जाणं सोडलं असं शेजारणीला वाटलं, सासूलाही वाटलं. पण मी पुढच्या गुरुवारी गेले. मागं बसले. या वेळी पास्टरांकडून नवा करार, म्हणजे प्रभूची गोष्ट असलेलं पुस्तक, मागून आणला आणि घरी बोट ठेवून वाचायला लागले. माझं वाचणं बैलगाडीसारखं. मला पाहायचं होतं की ज्याच्यावर प्रेम आहे का म्हणून मला विचारलं, तो माणूस आहे तरी कसा. त्यानंही नरकाचं सांगितलंय. ते मी लपवत नाही, आणि वाचलं की अजून अंगावर काटा येतो. पण तो त्यापेक्षा जास्त वेळ लोकांच्या घरी जेवायला बसतो. ज्यांच्या घरी कोणी पाणी पीत नाही, त्यांच्याकडं. हे चित्रात कुठंच नव्हतं. मी सासूला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "हा ठीक माणूस दिसते. याले पास्टरनं आधी काहून नाही आणलं?"

भीती कारण म्हणून चालते की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. तिनं मला तलावापर्यंत नेलं हे खरं. पण तिथं तिनं मला एकटीलाच नेलं होतं, आणि बाईला मागं ठेवून एकटीनं सुटायचं माझ्या मनात नव्हतं.

पुढच्या वर्षी पास्टरांनी तारीख धान कापून झाल्यावरची ठेवली आणि तलाव आधी येऊन पाहून गेले. मला म्हणाले, "ताई, यंदा नाव लिहू? भीती आहे का अजून?"

"गेली जी, बरीचशी."

"वा! मग आता तर घ्यायलाच पाहिजे."

"आता घाई नाही जी. कुठवर वाचून झालं ते बाईले सांगावं लागते रोज. अर्धं बी नाही झालं अजून."

त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि कोणत्या पानावर आले ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, पुढचं चांगलं आहे.