नऊ गळ्यांचा झगा

सुलभाबाईंना रस्त्यात नमस्कार केला की त्या आधी टेप काढून समोरच्याच्या गळ्याचं माप घ्यायच्या आणि मगच खुशाली विचारायच्या. "साडेचौदा! जाडी झालंस गो," हे त्यांनी मला मालवणच्या भर मासळी बाजारात, माझ्या बँकेतल्या साहेबांसमोर ऐकवलं होतं. तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलेली बाई. निवृत्त झाली म्हणून हात थोडेच थांबतात! बाई गेल्या त्याला वर्ष होत आलं, पण बाजारात शिरताना मी अजून मान आखडून घेते.

शेजारीण म्हणून मी त्यांना बावीस वर्षं ओळखत होते. खरी ओळख पटली ती झग्यामुळे. शिरोड्याच्या किनाऱ्यावर मुंबईच्या कला महाविद्यालयातली काही मुलं एक लांबलचक कापड घेऊन आली होती. कापडाला पाडलेल्या भोकांत येणाऱ्याजाणाऱ्यांनी डोकी घालायची आणि सगळ्यांनी मिळून चालायचं, ही त्यांची कला. बाई चार वेळा आत शिरून आल्या. परतताना एसटीत मला म्हणाल्या, "कला बरी आसा, पण शिवण कच्ची. कडा दुमडूक नाय मेल्यांनी." घरी येऊन त्या जुन्या पडद्यांचा नऊ गळ्यांचा झगा शिवायला बसल्या. कशासाठी, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "आंगात घातल्याशिवाय कळाचा नाय."

नेमका तेव्हाच त्यांचा मुलगा सुहास त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. बाईंना जायचं नव्हतं. त्यांनी पैज लावली. "बाजारातसून स्टँडापर्यंत नऊ माणसां झगो घालून चलली, तर मी हयसरच रवतलंय. नाय चलली, तर बॅग भरतंय."

"आई, एक माणूस येणार नाही," सुहास हसून म्हणाला. मलाही तेच वाटत होतं.

शनिवारी सकाळी पहिला गळा अर्थातच माझा. मला बघून देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे दाजी आले, मग मासेवाली पारू, एक रिक्षावाला, पर्यटकांचं एक जोडपं आणि तळेऱ्याची गाडी पकडायला निघालेली एक बाई. शेवटच्या गळ्यात स्वतः सुलभाबाई. आत शिरल्यावर घोळ लक्षात आला. आयुष्यभर मुलींचे फ्रॉक शिवलेल्या हातांनी सवयीप्रमाणे सगळी बटणं पाठीवर लावली होती आणि बाह्या ठेवल्याच नव्हत्या. हात आत अडकलेले. बाईंची तेवढी बटणं उघडी, म्हणजे सोडवणार त्या एकट्याच.

त्यात आठवा गळा रिकामा. त्याचं कापड पायांत येऊन आम्ही दहा पावलांत दोनदा आपटलो. "माझी गाडी सुटतली! सोडा गो माका!" तळेऱ्याची बाई ओरडली. सुलभाबाई पुढच्या रिकाम्या गळ्याकडे बघत होत्या.

सुहास हाताची घडी घालून बाजूला उभा होता. पारू त्याच्यावर खेकसली, "आवशीच्या फुडची जागा रिकामी ठेवून काय बघतंस रे, मेल्या?"

त्याने आईकडे बघितलं. मग चष्मा खिशात घातला आणि तो आठव्या गळ्यात शिरला. बाईंनी बाहेर येऊन त्याची बटणं लावली आणि पुन्हा आपल्या जागी उभ्या राहिल्या.

आता पावलं जुळवायची कशी? दाजींनी सरळ गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या नऊ गळ्यांका आज एकच बुद्धी दी, आणि हिका तळेऱ्याची गाडी गावांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो आणि डावा पाय टाकला. मग दाजी प्रत्येक पावलाला देवाकडे काहीतरी मागत गेले आणि आम्ही होकार देत स्टँडवर पोचलो. पर्यटक तर आमच्याहून मोठ्याने ओरडत होते. कंडक्टरने खाली वाकून विचारलं, "एक तिकीट काडू, काय नऊ?"

बाईंनी तळेऱ्याच्या बाईला सोडवून गाडीत ढकललं, मग घाईत असलेल्या एकेकाला मोकळं करून वाटेला लावलं. सुहासचं शेवटचं बटण काढून म्हणाल्या, "झाला रे, सुटलंस."

तो हलला नाही. आईकडे पाठ करूनच त्याने विचारलं, "तुला खरंच यायचं नाही ना?"

"नाय रे बाबा."

"मग मीच येत जाईन."

बाईंना रडू फुटलं, मलाही. मायलेक हातात हात घालून घराकडे निघाले, आणि पहिल्या गळ्यात मी अजून अडकलेय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. हाक मारायला मी तोंड उघडलं, पण बाई त्याला काहीतरी भरभरून सांगत होत्या. मग मी तशीच बाकीचे आठ गळे फरफटत भर बाजारातून घरी गेले.