बर्फाखालच्या माशाची आत्या

तिरोडा स्टेशन मी झोपेत मागे टाकलं. बोदलकशाला जायचं तर तिथंच उतरायचं असतं, हे मला गोंदियाच्या फलाटावर चहावाल्याने सांगितलं. "तिरोडा तो पीछे छूट गया, मैडम. अब बस पकडो." गोंदिया शहराचा कारभार हिंदीतच चालतो. मी मराठीत विचारत राहिले, तो हिंदीत सांगत राहिला, आणि कुणाचंच काही अडलं नाही. चहा मात्र पाकासारखा गोड होता.

माझ्या खांद्याला एक लांब नळकांडं होतं आणि त्यात एका माशाचा एक्स-रे. दक्षिण ध्रुवाजवळच्या माशाच्या कामासाठी गोव्याची बाई गोंदिया जिल्ह्यात का आली, हे आधी सांगून टाकते.

ध्रुवाकडच्या खोल समुद्रातले मासे ओळखणं, त्यांची कुळं लावणं आणि एखादा नवीन निघाला तर त्याला नाव देणं, हे माझं काम. मी स्वतः ध्रुवाकडे कधी गेलेले नाही, कारण मला बोट लागते. मासे बरण्यांतून माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांचे मणके, परांमधल्या काड्या, डोक्यावरची छिद्रं मोजत बसते. ते मासे धरून आणायचा तो हिरामण बावने, बोदलकशाचा, ढिवर घरातला. तलावात जाळं टाकणाऱ्या बापाचा हा मुलगा आमच्या संस्थेत लागला आणि बर्फाच्या समुद्रात जाळं सोडू लागला. शेवटच्या सफरीत त्याने वीतभर लांबीचा, मऊ, गुलाबी मासा आणला आणि बरणीवर लिहिलं, "हा वेगळा आहे." मी म्हटलं, वेगळा नाही, जुनाच आहे. आम्ही कित्येक महिने भांडलो. अखेर एक्स-रेत मणके जास्त भरले, आणि मासा नवा ठरला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हिरामण हृदयविकाराने गेला. लग्न त्याने केलं नव्हतं.

माशाची ओळख करून देणारा लेख मी लिहिला आणि माशाला हिरामणचं नाव द्यायचं ठरवलं. आमच्यात एक रिवाज आहे, कुणी आपलंच नाव माशाला देत नाही. म्हणजे माशाला त्याचं नाव द्यायचं तर लेख लिहिणाऱ्यांत तो नको. म्हणून त्याचं नाव तिथून काढलं. लेखक म्हणून मी उरले आणि आमचे विभागप्रमुख उरले. मला हा सौदा त्याच्या फायद्याचा वाटला होता.

फक्त एक गोष्ट टोचत होती. हिरामण नेहमी म्हणायचा, "नाव ठेवायचं काम माझ्या सगुणाताईचं." मी ती थट्टा समजत असे. तरीही लेख छापायला देण्याआधी त्या सगुणाताईचा, म्हणजे त्याच्या बहिणीचा, होकार घ्यावा, असं वाटलं. विभागप्रमुख म्हणाले, पत्र टाका. मी तिकीट काढलं.

गोंदियाहून बसने उलटं तिरोड्याला आले. धानाची कापणी संपलेली होती. बांध्यांमध्ये (धानाची बांध घातलेली शेतं) पुंजणे, म्हणजे धानाचे रचलेले ढीग, मळणीची वाट बघत उभे होते. मधूनमधून एखादी बोडी (लहान तळं) लागायची. तिच्या कडेला बगळे आणि कपडे धुणाऱ्या बाया. तिरोड्याजवळ वीजकेंद्राची उंच धुराडी दिसली.

तिथून पुढे ऑटो केला. ऑटोवाल्याने नळकांड्याकडे दोनदा पाहिलं.

"एक्सरे आहे का?"

"हो."

"कोनाचा? छातीचा?"

"माशाचा."

जंगलाची हद्द लागल्यावर त्याने मान वळवली. "आता मासोरीलेबी (मासळीलाही) दवाखान्यात नेऊन राहिले का?"

मी त्याला समजावून सांगितलं. त्याला पटलं असं वाटत नाही, पण पैसे त्याने ठरले तेवढेच घेतले.

बोदलकशाचा तलाव डोंगरांच्या कुशीत आहे. पाणी आधी दिसत नाही. चढण चढून पारेवर (तलावाच्या बांधावर) आलं की एकदम समोर पसरतं. दूरवर थंडीतली पाहुणी बदकं होती आणि जवळच एक डोंगा (लाकडाची अरुंद होडी) काठाला लागत होता. डोंग्यातला माणूस सगुणाबाईंचा नवरा, हे नंतर कळलं. काठावर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईला मी नाव न विचारताच ओळखलं. कपाळ, नाक, आणि समोरच्याचं म्हणणं मुळीच पटलेलं नाही असा तोंडावरचा भाव, सगळं हिरामणचं होतं.

"तुम्हीच का त्या काटे मोजनाऱ्या बाई?" त्या म्हणाल्या. "हिरामन सांगे. म्हने, दिवसभर मासोरी पाह्यते अन् एक खात नाई."

"मी खाते. कामावरचे खात नाही, ते औषधात बुडवलेले असतात."

"मंग चला जेवाले."

जेवायला भात, माशांचा झणझणीत रस्सा आणि लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी होती. धान निघालं की त्याच ओलीवर लाखोरी पेरतात, ती थंडीत अशी ताटात येते. रश्शाने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. सगुणाबाईंनी न विचारता आणखी वाढला.

जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो. त्यांनी आधी हिरामणच्या शेवटच्या दिवसाबद्दल विचारलं. दुखत होतं का, पाणी मागितलं का, जवळ कोण होतं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. "मातीले येता नाई आलं," त्या म्हणाल्या. गोव्यात अंत्यविधी झाला तेव्हा त्या पोचू शकल्या नव्हत्या. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे नाही, तलावाकडे पाहिलं.

मग मी एक्स-रे काढला. तो त्यांनी दाराच्या उजेडात धरला. मी मोबाइलवर माशाचा रंगीत फोटोही दाखवला. जिथं ऊन पोचत नाही अशा पाण्यातला आहे, हिरामणने बोटीवरून खोल जाळं सोडून काढला, असं सांगितलं. आणि मग मनात ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं, "आम्ही या माशाला हिरामणचं नाव देतोय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी एक्स-रे खाली ठेवला.

"कोन ठेवलं?"

"मी."

"तुम्ही त्याच्या कोन?"

"सोबत काम करत होतो."

"काढला कोनं? हिरामननं. मंग हे त्याचं लेकरू झालं. अन् आत्या मी आहो. नाव आत्या ठेवते."

मी समजुतीच्या सुरात सुरू केलं. हा मोठा मान असतो, शंभर वर्षांनीही कुणी हा मासा उघडून पाहील तेव्हा हिरामणचं नाव घेईल, वगैरे. वर्गात हे भाषण चांगलं जमतं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमच्यात लेकराच्या मांगं बापाचं नाव लावतेत का नाई?"

"लावतात. ज्यांनी मासा जगापुढे मांडला त्यांची आडनावं माशाच्या नावामागे लागतात."

"याच्या मांगं कोनाची लागून राहिली?"

"माझं. आणि आमच्या विभागप्रमुखांचं."

"ते गेलते का बर्फात?"

"नाही."

"तुम्ही?"

"मला बोट लागते."

त्या हसल्या नाहीत. "म्हंजे माह्या भावाले बापाच्या जागेवरून उठवलं, अन् लेकरू करून टाकलं. अन् बाप कोन, तं ज्यायनं बर्फ पाह्यला नाई ते."

मला राग आला. त्यांना आमच्या कामातलं काय कळतं, असंही मनात आलं. मी उठले आणि पारेवर जाऊन उभी राहिले. वारा गार होता. सगुणाबाईंचा नवरा काठावर जाळं वाळत घालत होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं आपलं काम चालू ठेवलं.

रागाचं कारण मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आमच्यात पहिलं आडनाव लक्षात राहतं, बाकीच्यांचे लोक हळूहळू "आणि इतर" करून टाकतात. हिरामण लेखकांत असता तर पहिलं नाव त्याचंच लावावं लागलं असतं, कारण मासा वेगळा आहे हे त्यानेच आधी ओळखलं होतं आणि मी नाही म्हणत होते. माशाला त्याचं नाव दिलं की त्याला मान मिळत होता आणि मला पहिली जागा. हे मी ठरवून केलं नव्हतं. पण हिशेब असा जुळल्यावर मला तो खटकलाही नव्हता.

पारेवर मोबाइलला रेंज होती. मी विभागप्रमुखांना फोन लावला. माशाचं नाव बदलायचं आहे, आणि हिरामणचं आडनाव लेखकांत पहिलं लागेल, असं सांगितलं.

"तो हयात नाही," ते म्हणाले.

"गेलेल्या माणसाचं नाव लावता येतं. तशी खूण करतात."

"तुमचं दुसरं जाईल."

"जाऊ दे."

"आणि माझं?"

"तिसरं."

मग ते म्हणाले, "भावनेच्या भरात आहात. पण करा."

मी परत ओसरीवर गेले. सगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. सांगितलं, बापाची जागा हिरामणला दिली आहे, आता नाव तुम्ही ठेवा.

"पोरगा का पोरगी?"

"मादी. पोटात अंडी होती."

"मंग जाई."

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. मी विचारलं, इतक्या लवकर कसं सुचलं? आता नाई सुचलं, त्या म्हणाल्या. हिरामणचं लग्न एकदा ठरलं होतं. तेव्हाच त्यांनी नाव काढून ठेवलं, मुलगी झाली तर जाई. लग्न मोडलं. पुढे तो बोटीवर गेला आणि दर सुटीत सांगायचा, लेकरू झालं की नाव तूच ठेवशील. "मंग तसंच राह्यलं ते नाव माह्यापाशी."

आमच्या नियमांत दोन अक्षरांचं नावही चालतं. नाव कुठल्याही भाषेतलं असलं तरी हरकत नसते. मी मनातल्या मनात सगळे नियम तपासले आणि एकही आडवा आला नाही. याचा मला झालेला आनंद फक्त शास्त्रीय नव्हता.

"अन् मांगं दुसरं आडनाव तुमचं?" सगुणाबाईंनी मला नीट न्याहाळलं. "बाप माहा भाऊ. मंग तुम्ही कोन झाल्या? त्यानं कधी सांगतलं नाई."

"तसं काही नव्हतं," मी म्हटलं. कान गरम झाले होते.

"हाव नं," त्या म्हणाल्या, अगदी हिरामणच्या सुरात.

तसं खरंच काही नव्हतं. पण तो गेल्यापासून प्रयोगशाळेत माझ्याशी भांडायला कुणी उरलेलं नाही, आणि त्याची आठवण मला रोज येते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सगुणाबाईंना सांगितलं. त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवून माझा हात धरला.

निघायच्या आधी त्यांनी एक्स-रे पुन्हा दारात धरला. "कान कुठी आहे इचा?"

माशाला बाहेरून कान नसतो. आत डोक्यात दोन बारीक खडे असतात, त्यांवर त्याचं ऐकणं आणि तोल अवलंबून असतो. एक्स-रेत ते दोन पांढरे ठिपके दिसतात. मी बोट ठेवून दाखवले. सगुणाबाईंनी पदर सावरला, ओठ त्या ठिपक्यांपाशी नेले आणि बारशाला आत्या करते तसं "कुर्र" केलं. मग नाव इतक्या हळू सांगितलं की मला ते ऐकू आलं नाही. नंतर नवऱ्याला हाक मारली आणि आम्हा दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

एक्स-रे त्यांनी मागितला नाही, पण हातातून सोडलाही नाही. माझ्याकडे दुसरी प्रत होती. तो तिथंच राहिला. परतताना मी शहाणपणाने तिरोड्यालाच गाडी पकडली आणि रिकामं नळकांडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. माशाला नाव देणं म्हणजे त्याला कपाटातली जागा नेमून देणं, असं मी आजवर मानत आले. कुणाचा कोण, हे विचारायला आपण कुणाकडे जात नाही. या खेपेला गेले, आणि माझी जागा एका पायरीने खाली आली. त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. गाडी तुमसरला पोचेपर्यंत वाट पाहिली, वाटलं नाही.

लेख आता छापून आला आहे. बरणीवर नवी चिठ्ठी आहे. आधी कुळाचं नाव, मग जाई, मग बावने, मग मी, मग विभागप्रमुख. परवा सगुणाबाईंच्या नवऱ्याचा फोन आला होता. एक्स-रे त्यांनी दाराच्या वरच्या झडपेला लावला आहे, सकाळी त्यातून उजेड येतो. येणारे-जाणारे विचारतात, कोनाचा एक्सरे, कोन बिमार आहे. सगुणाबाई सांगतात, बिमार कोनी नाई, माही भाची आहे ते.