वरच्या मजल्यावरची ठकी

घरात चालतंबोलतं माणूस असावं म्हणून काकूंनी वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला काढल्या. गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात परगावच्या नर्स तीन-तीन महिन्यांच्या करारावर येत. त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी येऊन राहता येईल असं घर हवं असे. काकूंनी पलंग, फ्रिज, इस्त्री, कुकर, सगळं मांडून ठेवलं. रात्रपाळी करून आलेली पोर दिवसा झोपणार, म्हणून खिडक्यांना दुहेरी पडदे शिवले.

खाली काका. जन्मभर वायरमनचं काम केलेल्या माणसाला आता स्वतःच्या घरातलं दिव्याचं बटण सापडत नव्हतं. विसर वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. एकुलती एक मुलगी, ठकी, बारा वर्षांपूर्वी बापाशी भांडून बाहेर पडली, ती पुन्हा फिरकली नाही. काका ते भांडण विसरले. ठकीला विसरले नाहीत.

पहिली नर्स जिना उतरताना दिसली आणि काका उठून उभे राहिले. "ठकी, आलीस?"

ती हसून म्हणाली, "आले ना, बाबा."

काकूंचे डोळे भरून आले. पुढचे तीन महिने काका वेळेवर जेवत, कुरकुर न करता गोळ्या घेत. मग करार संपला, टॅक्सी आली, आणि काका दोन दिवस फाटकाची सळई धरून उभे राहिले. "तूच काहीतरी बोललीस तिला! मला ठाऊक आहे!" असं काकूंवर ओरडत. अन्नाला शिवेनात.

दुसरी आली, तीही ठकीच. पुन्हा टॅक्सी, पुन्हा फाटक. या खेपेला काकांचा हात उठला. दाढ सुजलीय, असं काकूंनी शेजारणीला सांगितलं.

तिसरी नर्स उंच, तुटक बोलणारी. काकांनी हाक मारली तशी म्हणाली, "काका, मी ठकी नाही. मी वरची भाडेकरू." रोज तेच, न चिडता.

काकूंनी तिला जिन्यातच गाठलं. "नुसतं 'हो' म्हणायला तुझं काय जातं गं? आधीच्या दोघी म्हणायच्याच की."

"माझं काहीच जात नाही, काकू. पण तीन महिन्यांनी त्यांची मुलगी जाते. दर वेळी."

काकूंना तिचा संताप आला. पण हीच मुलगी सुट्टीच्या दिवशी काकांची नखं कापून देई, "तुम्ही तासभर पडा" म्हणून काकूंना आत पिटाळी. हळूहळू काकू तिच्यापाशी मन मोकळं करू लागल्या. गालावरच्या वळाचंही सांगितलं, आणि ठकीच्या कधीच न लागणाऱ्या फोनचंही.

करार संपत आला. "आणखी तीन महिने राहा. हात जोडते तुला."

"पुढच्या गावची नेमणूक झालीय, काकू. सोमवारी हजर व्हायचंय."

जायच्या सकाळी ती वर आवराआवर करत होती. काकू जिना चढल्या आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजू लागला. आतून दारावर थाप पडली.

"काकू? बाहेरून कडी लागलीय."

काकू पायरीवर बसल्या, कानांवर हात ठेवून.

"काकू, तुम्ही तिथेच आहात. मला कळतंय."

थापा ऐकून काकाच वर आले. "कोणीतरी अडकलंय वाटतं," म्हणत त्यांनी कडी काढली. समोरच्या मुलीकडे नवलाने पाहिलं. "आपण कोण?"

"नर्स, काका. निघाले मी."

"सांभाळून जा हं." त्यांनी तिची बॅग फाटकापर्यंत नेऊन दिली, परत आले आणि मुकाट्याने जेवायला बसले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

जिना उतरण्याआधी नर्सने खोलीची किल्ली काकूंच्या तळहातावर ठेवली होती, तो हात क्षणभर दाबला होता.

मंगळवारी नवी भाडेकरू येणार होती. काकू चादरी काढायला वर गेल्या, उघड्या गादीवर टेकल्या, आणि मग त्यांना उठवेचना. फाटकाशी जाऊन ओरडावं, असं आज त्यांनाच वाटत होतं.

खालून काकांची हाक आली, "अहो बाई, घरात कोणी आहे का?" परक्या बाईला हाक मारावी तशी. जन्मभर ते काकूंना 'अगं' म्हणत आले होते. हाक पुन्हा आली, मग तिसऱ्यांदा आली. काकूंनी पुन्हा कानांवर हात ठेवले.