तपासणीपुरतं पाळणाघर

"हा कारखाना आहे, गोठा नाही." मॅडम सगळ्या बायांसमोर म्हणाल्या. माझ्या पांढऱ्या एप्रनवर छातीशी दोन ओले डाग पडले होते. दूध पाझरत होतं. पोरगी तान्ही, वाकोल्यात शेजारणीकडे, आणि मी इथे अंधेरीला औषधाच्या गोळ्या भरतेय. बाजूच्या दोघीतिघी फिसकन हसल्या. मी मान खाली घातली. लाज वाटली मला. कसली लाज, सांगा ना. दूध काय चोरून आणलं होतं?

मॅडम आमच्या सुपरवायझर, पार्ल्याच्या, शिकलेल्या. त्यांनाही लहान मुलगा, पण घरी त्याला सांभाळायला बाई. "मी नाही का करत नोकरी?" हे वर आम्हालाच ऐकवायच्या.

कारखान्यात पाळणाघर होतं बरं का. कायद्यानं ठेवावंच लागतं. दारावर पाटी, आत पुठ्ठ्याची खोकी, बाहेर कुलूप. तपासणीला सरकारी साहेब यायचा असला की खोकी हलायची, पाळणे लागायचे आणि हुकूम सुटायचा, उद्या मुलं घेऊन या. त्या वेळी मीही नेली. नवं झबलं, काजळ, पावडर. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि एरवी झाडलोट करणाऱ्या आयाला म्हणाल्या, "ही काळी मागच्या पाळण्यात टाक. गोरी पुढे ठेव."

टाक म्हणे. माझी लेक म्हणजे पोतं काय?

डोक्यात सणक गेली. तरी गप्प बसले. नवऱ्याची गिरणी बंद, घर माझ्या पगारावर चाललेलं. साहेब आला, चहा प्यायला, सही करून गेला. पण त्या दुपारी लेक पोटभर प्यायली आणि मांडीवरच झोपली. एवढं सोपं होतं हे. एक खोली उघडायची फक्त. मग रोज का नाही?

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा घेऊन गेले. खोलीला कुलूप. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला आयाकडे दिलं, मग त्या दारातच फतकल मारून पाजायला घेतलं.

मॅडम तरातरा आल्या. "तपासणी काल झाली. आज कशाला आणलीस?"

"काल भूक लागते नि आज लागत नाही, असं असतं का मॅडम?"

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. मग ती पाटी पण काढा. का काढली ते साहेबाला मी सांगते."

मॅडम आल्या तशा तरातरा परत गेल्या. माझ्यावर हसलेल्यांपैकी एक जण डबा घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, "उद्या माझा पण आणते गं."

कुलूप उघडायचं की मला काढायचं, ते त्यांनी ठरवावं. माझं ठरलं होतं. माझी पोर यापुढे कुणाला दाखवायला येणार नाही. ती दूध प्यायला येणार. रोज.