प्रेसवरचं कुंकू

पानं दाबायच्या प्रेसचा दांडा फिरवून वरचा पत्रा उचलला. चित्रातल्या आभाळात लाल डाग होता. टिपकागदातून झिरपून खाली उतरलेला.

मी बाइंडर. आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं वर्कशॉप आहे. फायली, डायऱ्या, शाळांची पुस्तकं बांधतो. हे काम मात्र वेगळं होतं. अल ऐनला शिकवणाऱ्या कुलकर्णी मॅडमनी कॉलेजच्या लायब्ररीतून इंग्लंडच्या एका जुन्या साप्ताहिकाचा खंड स्वतःच्या सहीवर काढून आणला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. पानं सुटलेली, कडा फाटलेल्या. प्रदर्शनात मांडायचा होता.

देताना त्या म्हणाल्या होत्या, "नाना, हा गरिबांचा पेपर. एका पेनीला मिळायचा. सरकारनं पेपरवरचा कर काढला, वाफेवरचे छापखाने आले, तेव्हा एवढा स्वस्त झाला. खून, आगी, बुडालेली जहाजं, सगळं चित्रात. एकजण वाचायचा, बाकीचे ऐकत चित्र बघायचे."

"आमच्या घरी तसंच होतं," मी म्हटलं. मी चौथी शिकलेला. पेपर शालन वाचायची, मी फोटो बघायचो. शालन माझी बायको. आता नाही.

डाग पडला तो बुडत्या जहाजाच्या दुपानी चित्रावर. त्या चित्रात मधून मधून पांढऱ्या बारीक रेघा दिसतात. मी त्या फाटल्याच्या खुणा समजलो होतो. मॅडमनी सांगितलं, घाई असायची म्हणून लाकडाचे ठोकळे वाटून घ्यायचे, प्रत्येकानं आपला तुकडा कोरायचा, मग बोल्टनं जोडून छापायचं. त्या रेघा जोडाच्या. तेव्हापासून चित्र माझ्या मनात बसलेलं.

लाल कुठून आलं ते लगेच कळलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. दर वर्षी शालन वर्कशॉपात येऊन मशीनला कुंकू लावायची, मी बाहेर नारळ फोडायचो. ती गेली त्या वर्षी सण नव्हता. यंदा मीच तिचा करंडा उघडला, कुंकू पाण्यात कालवलं आणि प्रेसच्या पत्र्यावर भरपूर ओढलं. ओघळ पत्र्याच्या खालच्या अंगाला गेला. कडा खळ लावून जोडल्या होत्या, म्हणून पान ओलसर. त्यानं रंग ओढून घेतला.

शेठ आले. वर्कशॉपचे मालक, रत्नागिरीचे, माझ्या मुलाच्या वयाचे.

"नाना, काय करून ठेवलंत हे!"

"कुंकू लागलं."

"दिसतंय मला! वर टिश्यू चिकटवा, खलास. मॅडमला काय कळतंय."

"चिकटवणार नाही. फोन करणार."

"नाना, ही बाई उद्या अख्ख्या कॉलेजला सांगेल."

"सांगू दे."

फोनवर मॅडम एवढंच म्हणाल्या, "हात लावू नका. मी निघते." अल ऐनहून इथे यायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ मी पानासमोर बसून होतो. डाग पसरतोय असं सारखं वाटत होतं. पसरत नव्हता. चहा आला, तसाच गार झाला.

त्या आल्या. भिंग लावून बघितलं.

"कसला रंग?"

"कुंकू. हळदीचं, बायकोनं गावाहून आणलेलं. ती लावायची मशीनला. ती आता..."

"नाना, ते नंतर. निघेल का ते सांगा."

बरोबर बोलल्या. मी म्हटलं, "हळद स्पिरिटमध्ये सुटते. पण शाई सुटली तर माझा इलाज नाही."

आधी कोपऱ्यातल्या एका अक्षरावर स्पिरिट लावून पाहिलं. शाई हलली नाही. मग खाली टिपकागद, वर कापसाचा बोळा. बाहेरून आत टिपत जायचं, नाहीतर कड्यासारखी खूण उठते. मॅडम मागे उभ्या, शेठ दारात. लाल गेलं. पिवळट झाक राहिली.

"उन्हात धरा, हळद उडते," शेठ म्हणाले.

"कागद आठवडाभर टिकला तरी पुरे, अशा हिशेबानं बनवलेला," मी म्हटलं. "उन्हात तांबूस होऊन तुटेल."

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "काय झालं ते लायब्ररीला मी सांगते."

खंड बांधून दिला. प्रदर्शनात मॅडमनी दुसरं पान उघडून ठेवलं. पुढचा खंड आमच्याकडे आला नाही. त्यांच्या जागी मीही पाठवला नसता.

डाग काढला त्या संध्याकाळी प्रेस पुसायला गुडघ्यावर बसलो होतो. प्रेसच्या मागच्या लोखंडी पायावर, खाली, लालसर पुटं दिसली. एकावर एक, वर्षानुवर्षांची, तुरीच्या दाण्याएवढी. शालन तिथे लावायची. मी कधी बघितलंच नव्हतं.

प्रेस पुसला. पाय तेवढा पुसला नाही. मशीनची पूजा खुशाल करावी, पण कागद जिथे टेकतो तिथे बोट नेऊ नये.