गुब्बीचा खाऊ

आप्पांनी टोपली माझ्या टेबलावर ठेवली आणि वरचं फडकं बाजूला केलं. आत गुब्बी कोपऱ्यात बसली होती. पाठीला पोक, डोळे अर्धे मिटलेले.

"कालपासनं कशाला तोंड लावंना," आप्पा म्हणाले. "रविवारी पोरगी येनार हाय. तिला काय सांगू म्याडम?"

गुब्बी ही चिंचिला. ससा आणि खार यांच्या मधला वाटावा असा राखाडी, गुबगुबीत प्राणी. जात उंदराची, मूळ गाव दक्षिण अमेरिकेतले डोंगर. आप्पांच्या उचगावात येण्याचं तिला तसं काही कारण नव्हतं. पण आप्पांची नात नंदा बंगळूरची, तिच्या आईवडिलांनी घर बदलायला काढलं आणि दोन महिन्यांसाठी गुब्बी आजोळी आली. नाव नंदानंच ठेवलेलं. कानडीत गुब्बी म्हणजे चिमणी. दर रविवारी नंदाचा फोन यायचा आणि आप्पा रिसीव्हर पिंजऱ्याला लावून उभे राहायचे. गुब्बी काही बोलायची नाही, तरी दोन्हीकडची माणसं खूश असायची.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या हिवाळ्यातली. माझी प्रॅक्टिस म्हणजे म्हशी, गाई आणि अधूनमधून एखादं कुत्रं. चिंचिला मी फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिली होती. पंधरा दिवसांपूर्वी आप्पा तिला नुसती दाखवायला घेऊन आले, तेव्हाच मी हे कबूल करायला हवं होतं. पण डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळत नाही. पुस्तकातल्या दोन ओळी मी गंभीर चेहऱ्यानं ऐकवल्या : सुकं गवत द्या, आणि हिचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडायला लाकूड द्या.

आता मी तिच्या पोटावर बोट ठेवलं. पोट ताठ होतं. टिचकी मारली तर पोकळ आवाज.

म्हशीचं पोट फुगलं की मला काही वाटत नाही. नळी घालते, गॅस काढते, हात धुते, चहा पिते. इथे अख्खा पेशंट अर्ध्या किलोचा. मला खरोखर भीती वाटली. मी आत जाऊन शैलाला फोन लावला. शैला माझी कॉलेजची मैत्रीण. मुंबईत लोकांच्या हौसेच्या प्राण्यांवर उपचार करते.

"ट्रीट काय देतायत?" तिनं पहिलाच प्रश्न विचारला. ट्रीट म्हणजे जेवणाशिवायचा, लाडाचा खाऊ.

"काहीच नाही म्हणतात."

"खोटं बोलतायत. ऐक, चिंचिलाला ढेकर येत नाही, उलटी होत नाही. गोड किंवा तेलकट पोटात गेलं की ते आंबतं आणि गॅस तिथंच अडकतो. गॅसचे थेंब दे, हलक्या हातानं पोट चोळ, तिला चालू दे. लेंडी पडली तर वाचली."

बाहेर येऊन मी आप्पांना पुन्हा विचारलं. "गवत आनि लाकूड," ते शपथ घेतल्यासारखे म्हणाले. "तुमी सांगितल्यापरमानं. दुसरं काय न्हाय."

सकाळी दहापासून मी गुब्बीचं पोट चोळत होते. बाहेर दोन रेडकं वाट बघत होती आणि त्यांचे मालक माझ्याकडे. डॉक्टरीणबाई उंदराला मालिश करते, ही बातमी दुपारपर्यंत बाजारात पोचली असणार. आप्पा बाकावरून हलले नाहीत. चारच्या सुमाराला टेबलावर एक बारीक काळी लेंडी पडली. मग दुसरी. आप्पांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि घरी नंबर लावून ओरडले, "टाकली! दोन टाकल्या!" पलीकडून आव्वांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, देवाला हात जोडल्याचं मला इकडे ऐकू आलं.

पण कारण कळल्याशिवाय मी तिला परत देणार नव्हते. दुसऱ्या दिवशी टोपली मांडीवर घेऊन मीच उचगावला गेले.

पिंजरा सोप्यातच होता. आत सुकं गवत होतं. त्यावर वीतभर लांब, कडेनं छान कुरतडलेलं उसाचं कांडं होतं.

"आप्पा, हे काय?"

"लाकूड की."

"हा ऊस आहे."

"व्हय. पन साल बगा की केवढं टनक हाय. कोयत्याबिगर तुटत न्हाय. आनि लई आवडीनं खातंय."

गुऱ्हाळ चालवणाऱ्या माणसाला लाकूड सांगितलं की त्याच्या हाताला पहिलं काय लागणार, हे मला कळायला हवं होतं. चूक निम्मी माझी होती. उरलेली निम्मी कुणाची, ते बघायचं ठरवलं. मी एक वाटी मागून घेतली आणि घरातल्या सगळ्यांना बोलावलं. "हिनं खाणं सोडलं त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही हिला जे दिलं, जेवढं दिलं, तेवढंच यात टाका. रागावणार नाही."

आधी आव्वा पुढे झाल्या. त्यांनी नृसिंहवाडीच्या पेढ्याचा तुकडा टाकला. "परसाद हुता. परसादाला न्हाय कसं म्हनायचं?" मग थोरल्या सुनेनं चार शेंगदाणे टाकले, धाकटीनं मनुका. थोरल्यानं खोबऱ्याचा काप टाकला. धाकट्यानं भडंग टाकलं. तिखट नव्हतं, असंही सांगितलं. शेजारच्या काकू बातमी ऐकून स्वतःहून आल्या आणि केळ्याची चकती टाकून गेल्या. शेवटी आप्पांनी माझ्याकडे न बघता गुळाचा खडा टाकला.

"पावन्याला रिकाम्या तोंडी कसं ठेवायचं?" ते पुटपुटले. "मी आपलं जरासंच दिलतं."

"सगळ्यांनी जरासंच दिलंय. आप्पा, तुमचं वजन किती?"

"नव्वद."

"ही वाटी शंभर ग्रॅमची धरा. तुमच्या मापानं हे अठरा किलो होतं. गुळाच्या अर्ध्या रव्यापेक्षा जास्त, आणि तेही एका दिवसात."

तीस किलोची ढेप, म्हणजे रवा, ज्यांनी जन्मभर उचलली, त्या माणसाला हिशेब समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी वाटीतला गुळाचा खडा उचलून घेतला. "पोरीचं जनावर मीच मारत हुतो," म्हणाले. आवाज इतका पडला होता की मला माझ्या अठरा किलोंची लाज वाटली.

आता 'काही देऊ नका' म्हणण्यात अर्थ नव्हता. ते घर तसं नव्हतं. बंदी घातली असती तर सातही जणांनी चोरून दिलं असतं. त्यांच्या हातात देण्यासारखं काहीतरी ठेवणं भाग होतं.

"मनुका?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"अर्दी?"

"नाही. गोड नाही, तेलकट नाही, ओलं नाही. कुरतडायला तुतीची वाळलेली काटकी. आणि खाऊ म्हणून परसातल्या देशी गुलाबाची सावलीत वाळवलेली पाकळी. औषध न मारलेली. दिवसाला एक."

"एक पाकळी? लोक काय म्हनतील?"

एवढं बोलून ते आत गेले आणि गुलकंदाची बरणी घेऊन आले. "ह्यात गुलाबच हाय की."

मी काही म्हणायच्या आत आव्वांनी बरणी काढून घेतली. "पाकळी मी देनार. दुसऱ्या कुनी पिंजऱ्याला हात लावायचा न्हाय." मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं : गूळ बंद. पेढा बंद. शेंगदाणे, खोबरं, केळं बंद. विचारल्याशिवाय काही तोंडात जाता कामा नये. आव्वांनी तो स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला.

रविवारी नंदा आली. आप्पांनी तिला दारातच सगळं सांगून टाकलं, उसाच्या कांड्यासकट. ती आधी रडली. मग गुब्बीनं तिच्या हातातली पाकळी दोन्ही पंजांत धरून खाल्ली, तेव्हा आप्पा रडले. चार दिवसांनी गुब्बी ठणठणीत बंगळूरला गेली.

महिन्याभरानं आप्पा पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. टोपली नव्हती.

"म्याडम, त्या कागदावर तेवढं गुब्बीचं नाव घालून द्या."

"पेशंट तर गेला."

"व्हय, पन कागद तितंच हाय. च्याला गूळ मागितला की म्हातारी भिंतीकडं बोट करती. डॉक्टरनं लिवलंय म्हनती."

"तुमची शुगर किती आली होती आप्पा?"

आप्पांनी खिडकीबाहेरच्या म्हशीकडे हात केला. मग म्हणाले, "तुमी जनावराच्या डॉक्टर न्हवं? मानसात कशाला पडताय?"

मी कागदात काहीही बदल केला नाही. चिठ्ठीवर सगळ्यात आधी पेशंटचं नाव लिहायचं, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. काही घरांसाठी मी तो अजूनही विसरते.