खाणीचा बुजवलेला सांडवा

त्या दिवशीचं लाल पाणी अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा पोलादपूरच्या चौकीवर फौजदार होतो. आषाढाची झड लागली होती. डोंगराखालच्या एका वाडीचा पोलीस पाटील भिजत आत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सायेब, खाणीचा मुकादम आज बांध फोडनार हाय. बंदोबस्त द्या."

वाडीच्या वर रस्त्याच्या खडीसाठी दगड काढायची खाण होती. पावसाचं पाणी तिथली माती घेऊन उतरे. ते अडवायला मुकादमाने उतारावर मातीचा उंच बांध घातला होता. गाळ बांधामागे बसायचा आणि वरचं पाणी बाजूच्या सांडव्यातून खाली जायचं. वाडी त्या बांधाच्या बरोबर पोटाखाली.

हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी वर गेलो. सांडव्यापाशी वाडीची माणसं कोयते घेऊन उभी. मुकादम लांबूनच ओरडत होता, "ह्यांनी सांडवा बुजवलाय, साहेब! माणूस पाठवला तर कोयता दाखवतात!"

"आमी कशाला बुजवू?" पाटील उसळला. "तुझेच मजूर ताडी पिऊन काय बी करतात."

पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी होतं. सांडवा लगेच मोकळा करायला हवा होता. पण खरं बाहेर आल्याशिवाय ते कोयते खाली येणार नव्हते.

सांडव्यात उतरून पाहिलं. आईनाच्या फांद्या, त्यावर पेंढा, त्यावर गवतासकट कापलेल्या मातीच्या चिपा, गवताची बाजू खाली करून तुडवलेल्या. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण कॉलेजात गेलो तो भातखाचरातून. खाचराचं तोंड आम्ही असंच बंद करत असू. खाणीचे मजूर घाटावरचे. त्यांनी दगड रचले असते.

पाटलाला बाजूला घेतलं. "गवत खाली घालून कुणी तुडवलं, पाटील?"

"मला काय ठावं?"

"घाटावरच्या माणसाला हे सुचेल?"

त्याने नजर चुकवली. मी सांडव्यातली एक चीप आणून त्याच्यासमोर धरली. चौकशीत कधी कधी तेवढंच पुरतं.

"मीच बुजवला," तो शेवटी म्हणाला. "लावणी नुकती झाली, सायेब. सांडव्यातनं लाल गाळ येतो, खाचरात बसतो, भात गुदमरतं. पोरांनी वरीसभर खायाचं काय?"

"मग मुकादम बांध फोडणार म्हणून चौकीवर कशाला आलात?"

"तुमचे शिपाई हितं उभे राह्यले तर मुकादम सांडव्याला हात लावनार नाय."

"आणि पाणी चढलं तर?"

"बांधावरून सांडंल. खाचराचं सांडतं तसं."

खाचराचा बांध गुडघ्याएवढा, हा दोन पुरुष उंच. मी त्याला दंडाला धरून बांधाच्या तळाशी नेलं. तिथून पाणी पाझरत होतं.

"खाचराच्या बांधातून झिरपतं ते कसं असतं?"

"निवळ."

"आणि हे?"

त्याने ओंजळीत घेतलं. लाल. बांध आतून धुपत होता. ओंजळ सोडून पाटील वाडीकडे वळला. "सायेब, आमची सून बाळंतीन हाय... पयल्याच घरात."

हवालदाराने शिट्टी फुंकली. शिपाई आणि मुकादमाचे मजूर वाडीत धावले; म्हातारी माणसं पाठीवर, पोरं कडेवर. पाटलाला जाऊ दिलं नाही. सांडव्यावरची कोयतेवाली माणसं त्याचंच ऐकणार होती. त्याने त्यांना बाजूला केलं आणि वरून एकेक चीप स्वतः उचलली. पाणी घोंगावत त्याच्याच खाचरात शिरलं. तो तिकडे बघत नव्हता, घराकडे बघत होता.

पाणी उतरू लागलं, तरी बांधाचा एक कोपरा खचलाच. पहिल्या घरात वळचणीपर्यंत गाळ भरला. घर रिकामं होतं.

पंचनाम्यात आणखी एक निघालं. मुकादमाने पावसाळ्याआधी जुना गाळ उपसलाच नव्हता, म्हणून पाणी इतक्या झपाट्याने चढलं. मी दोघांवरही गुन्हा नोंदवला.

"बेडी घाला सायेब, पन आदी मानसं मोजू द्या," पाटील म्हणाला. देवळाच्या ओट्यावर उभा राहून त्याने घराघराची नावं पुकारली. प्रत्येक नावाला ओ आली. सुनेचं नाव त्याने शेवटाला ठेवलं होतं. तेवढ्यात घोंगडीखालून तान्हं रडलं. मग त्याने माझ्यासमोर दोन्ही हात पुढे केले.

तोवर गुन्ह्यामागे मी वैर शोधत असे. पुढे नोकरी संपेपर्यंत खबर घेऊन येणाऱ्याला आधी खाली बसवायचो आणि विचारायचो, "तुला भीती कशाची वाटते?"